हळदीचा केक आणि सासूबाईंची वाकळ

माझे माहेर कऱ्हाडचे. दिवाळीच्या आठवडाभर आधी आमची आजी मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोड्याची पूड यांचे वेगवेगळे डबे एका मोठ्या पिशवीत भरत असे आणि आम्हा भावंडांना घेऊन बेकरीत जात असे. घरी नानकटाई भाजण्याची सोय त्या काळी आमच्यासारख्या घरांत नव्हती. सामान आमचे, भट्टी बेकरीवाल्याची आणि मजुरी किलोमागे, असा तो व्यवहार होता. सामान ठेवून संध्याकाळी तयार डबा न्यायला येणारी माणसेही असत, पण आजी कधी तशी परतली नाही. आपले तूप आपल्याच पिठात पडते की नाही हे पाहण्यासाठी ती तिथेच पोत्यावर बसून राही. बेकरीवाल्यालाही त्याचे काही वाटत नसे, कारण तशा आणखी चार-पाच आज्या त्याच पोत्यांवर बसलेल्या असत.

सकाळचे पाव निघून गेले की लाकडावरची ती भट्टी हळूहळू निवू लागे आणि नानकटाईला नेमकी तीच मंदावलेली आच हवी असते. पावाला लागणारी कडक धग तिला मिळाली, तर ती वरून करपते आणि आतून कच्ची राहते. त्यामुळे दुपार होईपर्यंत थांबावेच लागे. कारागीर भराभर गोळे वळून पत्र्यांवर मांडत आणि प्रत्येक गोळ्यावर एक चारोळी दाबण्याचे काम आजी आमच्याकडे मागून घेई. लांब दांड्याच्या फळीवरून तो पत्रा भट्टीच्या अंधारात गेला की आम्ही तोंडाशी वाकून पाहत असू आणि दर वेळी कुणीतरी आम्हाला मागे ओढत असे. भाजून बाहेर आलेल्या सगळ्या पत्र्यांमध्ये आमचा पत्रा ओळखायला चिठ्ठी पाहावी लागत नसे, कारण आमच्या एकाही नानकटाईवर चारोळी मध्यभागी नसे. आजीने त्याबद्दल कधी नाराजी दाखवल्याचे मला आठवत नाही, उलट पाहुण्यांपुढे ताटली ठेवताना ती वाकड्या चारोळीची नानकटाई मुद्दाम वर ठेवी.

केक, बिस्किटे, ओव्हन म्हटले की ते काहीतरी परके आणि शहरी आहे, असे समजणाऱ्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगते. आमच्या भागातल्या कित्येक घरांनी स्वतःचा ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून भाजण्याचे काम घरचे मानले होते, फक्त विस्तव बाहेरचा होता.

लग्नानंतर मी सांगलीत गावभागात आले. आमचे हे मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. त्यांच्या सदऱ्यांच्या बाह्या कायम पिवळसर असतात आणि घरात हळद कधी विकत आणावी लागत नाही. २०१८ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून आम्ही एक लहानसा ओव्हन घेतला. पहिले दोन केक वरून काळे आणि आतून ओले झाले. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल केकच्या अगदी डोक्यावर येते, म्हणून भांडे खालच्या खणात ठेवायचे असते, हे आम्हाला तिसऱ्या केकला समजले. त्यानंतर त्याच हिवाळ्यात तो हळदीचा केक झाला.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. केक पिवळाधमक हवा, पण बाजारातला रंग घालायचा नाही, असे तिने ठरवले आणि घरातल्या राजापुरी हळदीचा एक चमचा, तोही शिगोशीग, मिश्रणात घातला. सांगलीच्या हळदीला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि अडतीवर त्याचे मोठे कौतुक चालले होते, त्यामुळे तिच्या बाबांनीही या प्रयोगाला मोठ्या अभिमानाने संमती दिली. मैदा, साखर, तेल, दही असे सगळे नीट घालून झाले, मिश्रण भांड्यात ओतले गेले आणि मग तिच्या लक्षात आले की खाण्याचा सोडा राहिला. तिने तो वरून भुरभुरला, चमच्याने दोन वेढे दिले आणि भांडे आत ढकलले. पाऊण तासाने बाहेर आलेला केक पिवळा होता खरा, पण त्याच्यावर जागोजागी तांबडेलाल ठिपके आणि ओघळ उमटले होते, जणू कुणी देवघरातली वाटी त्याच्यावर उपडी केली असावी. लेक रडू लागली. केकलाच भाजले आहे असे धाकट्याने जाहीर केले, त्यामुळे ती आणखी रडू लागली.

सासूबाई पुढच्या खोलीतून आल्या. त्यांनी चष्मा लावला, एका ठिपक्यावर बोट दाबून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हे कुंकू झालं की!” मग त्यांनी सांगितले की त्यांच्या माहेरी हळदीला चुना लावून तिचे कुंकू करत असत आणि रंग पिवळ्याचा लाल होताना पाहायला सगळी पोरे भोवती जमत असत. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, हे तर प्रत्येक घरात पाहिलेले असते, परंतु चुना, साबण आणि खाण्याचा सोडा यांना एका ओळीत बसवणे मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते आणि अल्कलीत तांबडे होते. सोडा अल्कधर्मी असतो, नीट ढवळला गेला असता तर दह्यातल्या आम्लाने त्याला शमवले असते, पण तो जिथे गोळ्यांनी तसाच राहिला तिथे हळद लाल झाली. हे सगळे ह्यांनी लेकीला समजावून सांगितले आणि खात्री पटावी म्हणून एका लाल ठिपक्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले. ठिपका पुन्हा पिवळा झाला. मग रडणे थांबले आणि घरातली सगळी लिंबे संपली.

केक चवीला वाईटच होता. न शमलेल्या सोड्याची साबणासारखी चव आणि वर हळदीचा कडवटपणा, असा तो प्रकार होता. सासूबाईंनी मात्र दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, “कुंकू इतकी वर्षं कपाळावर होतं, पोटात पहिल्यांदाच गेलं.” पुढे शाळेत आम्ल-अल्कलीचा धडा आला तेव्हा लेकीला दर्शक म्हणजे काय हे कुणाला विचारावे लागले नाही. सोडा आणि बेकिंग पावडर यांत फरक काय, तर पावडरीत सोड्याला शमवणारे आम्ल आधीच मिसळलेले असते, हेही ती आता मला सांगते, जणू मला ते ठाऊकच नव्हते. तसे मला ते ठाऊक नव्हतेच.

सासूबाई त्या दिवसापर्यंत ओव्हनकडे फारशा फिरकत नसत. ‘तुमचं ते मशीन’ असा त्याचा उल्लेख होई. केकचे कुंकू झाल्यावर मात्र त्यांना त्यात आपले काहीतरी दिसले असावे, कारण पुढच्याच आठवड्यात शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पिठाची नानकटाई करून पाहू, असे त्यांनी स्वतःहून सुचवले. शाळूच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा धरणारे ग्लुटेन नसते, म्हणून भाकरीला गरम पाणी घालून पीठ चांगले मळून घ्यावे लागते, नाहीतर थापतानाच तिला चिरा जातात. सासूबाईंचे म्हणणे असे की भाकरीला जे नडते तेच नानकटाईला हवे असेल. ते खरे निघाले. नानकटाईत पाणी घालत नाहीत आणि पीठ फार मळत नाहीत ते याच कारणाने, की गव्हाचा चिवटपणा जागा होऊ नये आणि तुपाचा लेप प्रत्येक कणाभोवती बसून ती खुसखुशीत व्हावी. शाळूत ही अडचण मुळातच नाही. पहिल्या खेपेस मात्र ती इतकी खुसखुशीत झाली की उचलताच तिचा भुगा झाला आणि तो आम्ही दुधात घालून खाल्ला. आता आम्ही एक तृतीयांश गव्हाचे पीठ मिसळतो आणि ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटे तिला कुणालाही हात लावू देत नाही, कारण गरम असताना ती मऊच असते आणि तूप थिजू लागल्यावरच अंग धरते. ही पंधरा मिनिटे धाकट्याच्या आयुष्यातली सर्वांत लांब पंधरा मिनिटे असतात.

खरे काम तूप फेसण्याचे. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसत राहायचे, ते पांढरे आणि हलके होईपर्यंत. यंत्राने ते दोन-तीन मिनिटांत होते, हाताने वीस मिनिटे लागतात आणि आम्ही हाताने करतो. यात काही तत्त्व आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे ते यंत्र नाही आणि घ्यावे असे मला अजून वाटलेले नाही, कारण त्या वीस मिनिटांत धाकटा दमतो, मग त्याचे बाबा परात पुढे ओढून घेतात, त्यांच्या हाताला रग लागली की लेक बसते आणि या अदलाबदलीत शाळेतल्या, अडतीवरच्या, शेजारच्या अशा काही गोष्टी बोलल्या जातात की ज्या जेवताना कुणी विचारूनही बाहेर आल्या नसत्या. हात गुंतलेले असले की माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. धाकट्याने गणिताच्या पेपरावर माझी सही स्वतःच केल्याची कबुली तुपात कोपरापर्यंत हात बुडालेला असताना दिली आहे.

‘घरचे ते घरचे’ हे वाक्य मला फारसे आवडत नाही, हे इथे सांगून टाकते. ज्या घरांत ते वारंवार ऐकू येते, तिथे बहुधा एकच बाई ओट्याशी उभी असते आणि बाकीचे बाहेर बसून तिच्या हाताच्या चवीची स्तुती करतात. तसे असेल तर तिने बेकरीतून खारी आणि बटर आणावेत आणि दुपारी पाय लांब करून बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बेकरीतली खारी माझ्या घरच्या कोणत्याही खारीपेक्षा चांगली असते, मी तीनदा करून पाहिली आहे. आमच्याकडे नियम असा आहे की ज्याला खायचे आहे त्याने परातीला हात लावायचा, आणि तो लावणार नसेल तर ओव्हन बंद राहतो. या नियमामुळे गेल्या वर्षी अडीच महिने ओव्हन बंद होता.

सासूबाईंची वाकळ ही याहून जुनी गोष्ट. पुण्या-मुंबईकडे तिला गोधडी म्हणतात. आमच्याकडे वाकळच म्हणतात आणि सासूबाईंच्या तोंडी दुसरा शब्द येत नाही. उन्हाळ्यात दुपारी पुढच्या खोलीतली जागा मोकळी करायची, खाली एक जुने सुती लुगडे अंथरायचे, त्यावर विरलेली धोतरे, चादरी आणि परकर जोडून थर द्यायचे, वरून दुसरे लुगडे घालायचे आणि चारही कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवायचे. मग मधून कडेकडे जात मोठे टाके घालून ती टाचून घ्यायची, म्हणजे पुढे सुरकुत्या मध्ये जमत नाहीत. त्यानंतर खरा धावदोरा सुरू होतो. तो कडेने चौकोनात फिरत आत आत येत जातो आणि चार माणसे असली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक बाजू येते. सासूबाईंचा टाका तांदळाएवढा आणि एकसारखा असतो, माझा गव्हाएवढा. लेकीचा सुरुवातीला शेंगदाण्याएवढा होता आणि त्या वाकळेवर ती बाजू अजूनही बोटांनी चाचपून ओळखता येते. धाकट्याकडे सुया ओवून ठेवण्याचे काम असते, कारण घरात ज्याला सुईचे नेढे चष्म्याशिवाय दिसते असा तो एकटाच आहे.

वाकळेचा कच्चा माल म्हणजे विरलेले सुती कापड आणि तेच आता घरांत उरलेले नाही. कृत्रिम धाग्याच्या साड्या वर्षानुवर्षे विरत नाहीत, सुईखालून निसटतात, घाम शोषत नाहीत आणि थंडीत अंगावर घेतल्या तर ऊब देण्याऐवजी चटचट ठिणग्या काढतात. आज हौसेने शिवल्या जाणाऱ्या पुष्कळ गोधड्यांसाठी नवे कापड विकत आणून त्याचे तुकडे केले जातात. त्या दिसायला सुंदर असतात आणि शिवणाऱ्या बायकांना त्यातून चार पैसे मिळतात, हे चांगलेच आहे. परंतु वीस वर्षे धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा स्पर्श नव्या कापडाला येत नाही, आणि ‘हे पणजीचं, हे आजोबांचं धोतर, हा तुझा बाळंतविडा’ अशी बोट ठेवून यादी सांगता येईल असे त्यात काही नसते. सासूबाई आता शेजारणींकडून जुन्या सुती साड्या मागून आणतात आणि बदल्यात नानकटाईचा डबा देतात. हा व्यवहार दोन्ही बाजूंना फायद्याचा वाटतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या घरात खालच्या मजल्यावर छातीपेक्षा जास्त पाणी होते. आम्ही आधीच विश्रामबागेला नातेवाइकांकडे गेलो होतो. ओव्हन वरच्या मजल्यावर उचलून ठेवला होता, म्हणून वाचला. सासूबाईंची वाकळांची लोखंडी पेटी मात्र जड असल्यामुळे खालीच राहिली. परत आलो तेव्हा फोमच्या गाद्या फुगून दुप्पट झाल्या होत्या. त्यांच्यातला गाळ निघेना, वास जाईना, शेवटी त्या रस्त्यावरच्या ढिगात गेल्या. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक दारापुढे तसलाच ढीग होता. पेटी उघडली तेव्हा पाच वाकळा चिखलात भिजून दगडासारख्या जड झाल्या होत्या आणि त्याही टाकून द्याव्यात असे मला मनापासून वाटले होते. सासूबाईंनी ऐकले नाही. टँकरचे पाणी येऊ लागल्यावर त्यांनी अंगणात पातेले चढवून उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि एकेक वाकळ त्यात भिजवली. भिजलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला मी, असे उभे राहून आम्ही त्या पिळल्या, तेव्हा पाणी चार वेळा काळे आणि पाचव्या वेळी चहासारखे निघाले. पावसाने उघडीप दिली की गच्चीवर टाकायच्या आणि सर आली की सगळ्यांनी धावायचे, असे आठ-दहा दिवस चालले.

पाचांपैकी चार वाचल्या. रंग एकमेकांत उतरले होते आणि कडेचे टाके उसवले होते, पण हाताने घातलेला धावदोरा असा असतो की एक ओळ तुटली तरी शेजारची ओळ थर धरून ठेवते. पाचवी पार फाटली होती, तिचे धड तुकडे इतर चौघींच्या ठिगळांना वापरले. घरात तेव्हा भांडी मोजकी होती, भिंतींना ओल होती, अडत बंद होती आणि पंचनाम्याची वाट पाहणे चालले होते. त्या दिवसांत संध्याकाळी दिवे लागल्यावर आम्ही पाचही जण वरच्या खोलीत एका वाकळेभोवती बसून उसवलेले टाके घालत असू. ह्यांनी आयुष्यात प्रथमच सुई धरली. त्यांचा टाका कुणाच्याच टाक्यासारखा नव्हता, तो तिरका जात असे आणि सासूबाई तो उसवून पुन्हा घालायला सांगत. ‘मी दिवाणजी आहे, शिंपी नाही,’ असे ते म्हणाले की लेक हसे. त्या पंधरा दिवसांत घरात ऐकू आलेले हसणे बहुतेक याच कारणाचे होते. नुकसान किती झाले, कर्ज किती काढावे लागेल, पुन्हा याच घरात राहायचे की नाही, हे सगळे आम्ही त्याच वाकळेभोवती बसून ठरवले. एरवी अशी बोलणी मुलांना बाहेर पाठवून दारे लावून होतात. त्या वेळी मुलांना पाठवायला दुसरी कोरडी खोलीच नव्हती.

हळदीचे काही डाग त्या धुण्यातून शिल्लक राहिले होते आणि सोड्याच्या पाण्याने ते लाल झाले होते. लेकीने ते पाहताच लिंबू मागितले, पण सासूबाईंनी तिला थांबवले आणि उन्हात टाकायला सांगितले, कारण हळदीचा रंग उन्हाने उडतो. चार-पाच उन्हे लागल्यावर डाग फिके होत होत गेले.

लेक आता अठरा वर्षांची आहे आणि या जूनपासून पुण्याला शिकायला गेली आहे. जाताना तिने पुरातून वाचलेल्या चौघींपैकी एक नेली, तीच, जिच्यावर बाबांचे तिरके टाके आहेत. वसतिगृहात सुरुवातीला ती जरा लाजून घडी घालून ठेवत असे, पण पावसाळी गारव्यात खोलीतल्या दुसऱ्या दोघींनीही तीच ओढायला सुरुवात केल्याचे तिने फोनवर सांगितले. सोबत दिलेला शाळूच्या नानकटाईचा डबा तिसऱ्या दिवशी रिकामा झाला. गणपतीला घरी येईपर्यंत आणखी एक पाठवावा, असा निरोप आहे.

इकडे उन्हाळ्यात सुरू केलेली नवी वाकळ पुढच्या खोलीत अंथरलेली आहे. सासूबाईंची आणि माझी अशा दोन बाजू आतपर्यंत आल्या आहेत, ह्यांची बाजू तिसऱ्या ओळीवर अडली आहे आणि धाकटा आठवड्यातून एकदा सुया ओवून ठेवतो. चौथी बाजू लेकीची. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने जिथे दोरा तोडला तिथे सुई तशीच टोचून ठेवलेली आहे आणि झाडताना केरसुणीसुद्धा त्या बाजूला जरा जपून फिरवा, असे सासूबाई मला रोज सांगतात.